दोन याद्या

चांगदेवला, देवळामागच्या पायरीवर
दोन याद्या मांडल्या.
एक त्यांची, अकराशे चार नावं.
एक आमची, दोनशे शहात्तर.
वारा सुटला म्हणून त्यांच्या यादीवर चप्पल ठेवली,
लगेच काढून दगड ठेवला.
समितीच्या सदस्यानं असं काही करू नये.

रुजू झाल्या तारखेनं लावा, म्हणतात ते.
म्हणतील. त्यांची कंपनी
आमच्याआधी अकरा वर्षं उडत होती.
हुद्द्यानं लावा, म्हणतो आम्ही.
म्हणणारच. आमच्याकडे विमानं भराभर आली,
पाचव्या वर्षी मी डाव्या खुर्चीत,
आणि त्यांचा श्रीरंग अत्तरदे,
माझ्याआधी दोन वर्षं रुजू झालेला,
अजून उजवीकडेच.
दोघंही याला न्याय म्हणतो.
दोघांच्याही न्यायात
आपापलं नाव वर येतं.

चार त्यांचे, एक आमचा, असं विणत जा, म्हणाले सल्लागार.
विणायला बसलं की धागा अडतो:
विमानं जमिनीला खिळली होती त्या चौदा महिन्यांत
बिनपगारी घरी बसलेल्यांचे महिने मोजायचे?
माझ्या बाळंतपणाचे मोजायचे?
दुसऱ्या प्रश्नाला मी बैठकीत हात वर केला नाही.
कागदांचे कोपरे जुळवत राहिले.

इथं तापीला पूर्णा मिळते.
खरं सांगायचं तर आले त्यासाठीच,
संगमाकडे बघून काही सुचेल म्हणून.
नावाडी म्हणाला, "ताई, हे हतनूरचं फुगेल पानी.
कोन कुठून आलं, काय कयते?"
म्हणजे तेही गेलं.

भुसावळला, घरामागे,
कपाशीच्या सांठ्यांच्या जाळावर बाबा वांगी भाजत होते.
याद्या बघितल्या नाहीत त्यांनी. सांगू लागले
वाफेच्या इंजिनांचं शेड बंद झालं तेव्हाचं.
दगडू फेगडे, सव्वीस वर्षं धगीत काढलेला ड्रायव्हर,
डिझेलच्या यादीत तळाला लागला.
ज्या पोराला त्यानं घाटात गाडी आवरायला शिकवलं
त्याच्याच हाताखाली असिस्टंट.

"मग?"
"मग काय. डबा घेऊन यायचा. खिडकीतून बघत बसायचा.
सिग्नल एकही चुकवला नाही. मोठ्यानं सांगायचा."
"यादी लावली कोणी?"
बाबांनी वांग्याचं देठ धरून कूस बदलली.
साल तडकून वाफ आली.
"साहेबानं सांगितली.
अक्षर माझं होतं, चारू."

भरीत, कळण्याची भाकरी, कच्चा कांदा.
आम्ही दोघं फार बोललो नाही.

रात्री यादी खालून वाचली.
सर्वांत खाली कुमुदिनी वळवी, तळोद्याची,
शिरपूरला शिकलेली,
विलीनीकरणाच्या चाळीस दिवस आधी रुजू.
कुठलंही सूत्र लावा, तेराशे ऐंशी.
तिनं अजून एकही पत्र पाठवलेलं नाही.
कुणाच्याही न्यायात तिचं नाव हलत नाही,
फक्त वरचे कमी होतील तशी ती चढेल,
म्हणजे आम्ही.

निम्मं वजन तारखेला, निम्मं हुद्द्याला.
घरी बसलेल्यांचे महिने धरायचे.
बाळंतपणाचे धरायचे, माझे सोडून.
मग तेही खोडलं. माझेही धरायचे.
हे औदार्य कशाला, कुणासाठी.
बेरीज तीनदा केली.
मी एक्याण्णव घरं खाली.
अत्तरदे माझ्या वर, तिघांना सोडून.
पेन्सिलनं केलं होतं,
उठून पेननं गिरवलं.

सकाळी सहा चाळीस, जळगाव.
धावपट्टीच्या कडेला केळीच्या बागांवर धुकं.
उजव्या खुर्चीत अत्तरदे.
त्याला माहीत आहे मी समितीत आहे.
त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
कानावरचे हेडफोन नीट केले त्यानं,
चेकलिस्ट उघडली.

"फ्लॅप्स?"
"पंधरा."
त्यानं वाकून स्वतः बघितलं.
"पंधरा," म्हणाला,
मोठ्यानं.